ओली सहाण

दवाखान्यातून घरी आल्याच्या तिसऱ्या सकाळी भावनाला मोरीजवळची सहाण ओली दिसली.

श्रावणातली झड लागलेली होती. घरात सगळंच दमट, भिंतीला हात लावावा तर हाताला पोपडा यावा. पण सहाणेवरचा ओलावा त्या झडीचा नव्हता. मधोमध हिरड्याचा तपकिरी वर्तुळाकार डाग, कडेला खडीसाखरेचा चिकट ओघळ, त्यावर दोन मुंग्या. भावनाने बोट लावलं, वास घेतला. टाके अजून ओले होते, वाकल्यावर ते सर्रकन ओढले. ती तशीच भिंत धरून उभी राहिली.

सासू चुलीपुढे बसून भाकर थापत होती. मनकर्णाबाईचे हात गावात नावाजलेले. कोणाच्याही घरी बाळंतीण आली की पहिले दहा दिवस लेकराला न्हाऊ घालायला त्यांनाच बोलावणं. तेल जिरवावं त्यांनीच, नाक ओढून सरळ करावं त्यांनीच.

"माय, सहाण कोनं घेतली होती?"

"म्याच. काहून?"

"लेकराले काही देल्लं काय?"

"देल्लं ना. बोटभर चाटण. कालही देल्लं, आजही देल्लं." मनकर्णाबाईने भाकर उलटली. "तुवं ते अस्पतालातलं औषध लय गरम हाये, बाई. सहा दिवसाचं लेकरू, सकाळ झाली का ते कडू पानी त्याच्या नरड्यात. आतून पोट जळत नसन काय त्याचं? म्हून थंडाई देल्ली. जेष्ठमध, हिरडा, खडीसाखर. तुया नवऱ्यालेही हेच देल्लं होतं."

दाराच्या चौकटीत अमोल उभा होता. अंगावर पोत्याची खोळ, हातात टोपलं. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भावना."

म्हणजे सांगू नको. सहा महिन्यांपासून तो हेच म्हणत आला होता. तिसऱ्या महिन्यात गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई अपेक्षाने सगळ्याच गर्भार बायांसोबत भावनाचंही रक्त तपासायला दिलं होतं. मग मूर्तिजापूरला पुन्हा तपासणी, मग अमोलची तपासणी, आणि दोघांच्याही कागदावर एकच नाव. एचआयव्ही. अमोल तेव्हा तीन हंगाम हार्वेस्टरवर पंजाब-हरियानाकडे जाऊन आलेला. तो काही बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. अकोला जवळ होतं, पण अकोल्याच्या दवाखान्यात अर्धं गाव भेटतं. म्हणून दोघं अमरावतीला जायचे. तिथल्या प्रियदर्शनी मॅडमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की रोज एक गोळी, एकही दिवस न चुकवता; लेकराला जन्मल्यापासून सहा आठवडे पातळ औषध; आणि सहा महिने फक्त आईचं दूध. मधाचं बोट नाही, घुटी नाही, गाईचं दूध नाही, पाण्याचा थेंब नाही. एक तर सगळं अंगावरचं, नाही तर सगळं वरचं. दोन्ही एकत्र मात्र नाही; त्याने लेकराची कोवळी आतडी सोलपटतात आणि दुधातला आजार आत शिरायला वाट होते.

मनकर्णाबाईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की रक्तात थोडा दोष आहे, म्हणून औषध.

भावना खाली बसली. बसवत नव्हतं, तरी बसली. सासूच्या पिठाच्या हातावर तिने हात ठेवला.

"माय, औषध गरम नाई. औषधानंच थो वाचते. मले एचआयव्ही हाये."

तव्यावरच्या भाकरीला फोड आला, फुगला आणि फुटला. मनकर्णाबाईने ती काढली नाही. करपल्याचा वास सुटला तरी काढली नाही. गावात एक माणूस त्या आजाराने गेला होता वीस वर्षांमागं. त्याची खाट गावाबाहेरच्या गोठ्यात टाकली होती, आणि त्याला पाणी द्यायला जाणाऱ्या दोन बायांपैकी एक मनकर्णाबाई होत्या. त्यांनी एकदा खुंटीवरच्या लेकाच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"कोनापासून कोनाले?"

"मॅडम म्हनते, ते इचारत नाई बसाचं."

"मंग नाई इचारत." त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. "लेकराले हाये?"

"माईत नाई. नसन. पन दीड वर्षानं पक्कं समजते."

"अन् माया चाटनानं?"

भावनाला खोटं बोलता आलं नाही. "धोका वाढते, माय."

मनकर्णाबाई उठल्या. सहाण उचलून मोरीत नेली, राखेनं घासली, पुन्हा घासली. तीन पिढ्यांची सहाण, मध्ये खळगा पडलेली. पदराने पुसून त्यांनी ती अमोलच्या हातात दिली. "वर ठेव. आढ्यावर. माया हाताले लागन अशी ठेवू नको."

अमोलने ती वर ठेवली. उतरताना त्याच्या तोंडून फक्त "माय" एवढंच आलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "भाकर खा. जयली हाये, तरी खा."

*

दुसऱ्याच दिवशी पावसात त्या स्वतः अमरावतीला निघाल्या. बाळंतिणीला बाहेर काढायचं नाही, म्हणून लेकराला आणि सुनेला घरी ठेवून अमोलसोबत. प्रियदर्शनी मॅडमच्या टेबलासमोर त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत.

"मॅडम, म्या चाटवलं. दोन दिवस. सुनेची चूक नाई, थे झोपली होती."

हे सगळं अमोलने घरी येऊन सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत म्हणे. म्हणाल्या, आजी, लपवलं नाही हे लई चांगलं केलं. सुनेच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, तिच्या रक्तातला आजार दबलेला आहे, त्यामुळे धोका कमी आहे. औषध चालू ठेवा, अंगावरचं दूध तोडू नका, आणि आजपासून दुसरं काही नको.

"कोनी देल्लं तर?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"तुम्ही राखण करा."

तेव्हापासून त्यांनी राखणच केली. मारुतीच्या देवळाचा भोंगा सकाळी सहाला वाजे, की त्या हात धुऊन बिनसुईची ती छोटी पिचकारी घेत, खुणेच्या रेघेपर्यंत औषध ओढत आणि सुनेला दाखवत. "बरोबर हाये ना? पाह्य नीट." त्यांना वाचता येत नव्हतं; रेघ मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. बारशाला अंकुर नाव ठेवलं. पाहुण्या बाया मधाच्या बाटल्या घेऊन आल्या, तेव्हा मनकर्णाबाई पाळण्याला पाठ लावून अशा बसल्या की पाळण्यात बोट घालायलाही कोणाला जागा उरली नाही. संध्याकाळी दिवा लागला की भावनाला गोळी घेताना त्या समोर बसून पाहत. गोळी गिळली, की मग स्वतः जेवायला बसत.

सहा आठवड्यांनी अंकुरच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले. काही दिवसांनी कळलं, आजार नाही. पण ही पहिली तपासणी. सहाव्या महिन्यात आणखी, वर्षाला आणखी, आणि शेवटची दीड वर्षाला. मनकर्णाबाईला महिने मोजायची सवय नव्हती. त्यांनी पिकं मोजली. "कापूस निंगन, तूर निंगन, गहू निंगन. मंग पेरनी. मंग पुन्हा कापूस, पुन्हा तूर. अन् हरभऱ्याचे सोले हिरवे असतीन तवा आपलं पोट्टं सुटते."

*

दिवाळी सरली आणि वावरात कापूस पांढराशुभ्र फुटला. आणि नेमकं त्याच वेळी रोज दुपारपासून आभाळ भरून यायला लागलं. कापूस भिजला की पिवळा पडतो, सरकीला कोंब येतो. गावात मजूर मिळेना, ज्याच्या त्याच्या वावरात घाई. तीन महिन्यांचं लेकरू झोळीत घालून भावनाही वेचणीला उतरली.

वेचणीला मैनाबाईचा जत्था होता. पन्नाशीची, उंच, आवाजाने कपाशीच्या तासाच्या, ओळीच्या, दुसऱ्या टोकाची बाई हलवणारी. कमरेला फडकं बांधून बाया ओळीने तासात शिरल्या. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरत, नखाशी रक्त येई, ते कापसालाच पुसून बाया पुढे सरकत. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाला तीन झोके टांगले होते. एकात अंकुर, एकात जत्थ्यातल्या बाईचं पोर, आणि एकात आचल.

आचल ही शेजारच्या सीमाची लेक. सीमा नात्याने चुलत जाव. दोन्ही घरांमध्ये कमरेएवढी मातीची भिंत. त्या भिंतीवरून लेकरं इकडून तिकडे जायची ही जुनी रीत. एकीला पाण्याला जायचं असलं की दुसरीच्या हातात लेकरू. आणि रडलं तर जी रिकामी तिने पदराखाली घ्यायचं, त्यात विचारायचं काय. सीमाच्या नवऱ्याला लहानपणी त्याच भिंतीवरून घेऊन मनकर्णाबाईने पाजलं होतं. त्या दिवशी सकाळी सीमाच्या सासूच्या छातीत दुखलं, म्हणून सीमा आणि नवरा तिला घेऊन घाईत मूर्तिजापूरला गेले. जाताना सीमाने भिंतीवरून आचल मनकर्णाबाईच्या हातात दिली. "दुपारलोक येतो, मोठीमाय."

दुपार झाली, सीमा आली नाही. आभाळ काळं होऊ लागलं, तशी मनकर्णाबाई वाळत घातलेलं सोयाबीन उचलायला घराकडे पळाल्या. आणि आचल उठली.

पाच महिन्यांची पोर. आधी कुरकुर, मग किंचाळणं, मग ते कोरडं, आत ओढलेलं रडणं, ज्याने कोणत्याही आईच्या पाठीत कळ येते.

"भावना," मैनाबाई तासातूनच ओरडली, "घे वं तिले जराशी. तुयं तर ताजं दूध हाये."

भावना उभी राहिली. तिच्या अंगाने तिला विचारलंच नाही. ते रडणं कानावर पडलं आणि दोन्हीकडून दूध धावलं. पोलकं पुढून ओलं झालं, ओल पोटापर्यंत उतरली. बाया पाहत होत्या. ती झोक्याकडे गेली, आचलला खांद्यावर घेतलं, थोपटलं, झुलवलं. आचल तोंडाने तिची मान, तिचा पदर चाचपत होती.

"झुलवून काय व्हते वं? भूक लागली तिले."

"मले... मले नाई पाजता येत, मैनाबाई."

"काहून? पोलकं तर पाह्य तुयं, गयून राह्यलं."

"नाई पाजत मी."

वेचणी थांबली. एक बाई हसली, दुसरी म्हणाली, "शिकेल पोरी ह्या, बाई. दुधालेही कुलूप लावतात." मैनाबाई फडकं सोडून पुढे आली. तिने आचल भावनाच्या खांद्यावरून काढून घेतली, आणि काढताना भावनाच्या डोळ्यांत असं पाहिलं, की भावनाला वाटलं, सगळं सांगून टाकावं, इथंच, या बोंडांमध्ये. ओल्या छातीवर तिने पदर घट्ट ओढून घेतला. दुसऱ्या झोक्यात अंकुरही जागा होऊन रडू लागला. तिला त्याला घ्यायची लाज वाटली.

"मीनं बंदी घातली तिले."

मनकर्णाबाई धुऱ्यावर उभ्या होत्या. धावत आलेल्या, छाती वरखाली होत होती.

"मीनं शपथ घातली. माया नातवाले दूध कमी पडते. दुसऱ्याच्या लेकराले पाजलं तर माया मेल्याचं तोंड पाह्यशीन म्हनलं. तिले बोलू नका, तिची काय बिशाद हाये माया पुढे."

मैनाबाईचं तोंड उघडंच राहिलं. "मनकर्णे, तू बोलून राह्यली हे? मी टायफाईडनं पडली होती, तवा वीस दिवस माया पोराले तुनं पाजलं. अन् आता सोताच्या घरचं दूध मोजून राह्यली?"

"तवाची गोठ तवा. आता मोजून राह्यली."

एवढं बोलून त्यांनी आचलला उचललं आणि गावाकडे चालू लागल्या. चालल्या कसल्या, धावल्याच. चिकट काळ्या मातीतून, मधूनच पावसाचे टपोरे थेंब अंगावर घेत. अर्ध्या कोसावर गाव. तिथं मैनाबाईच्याच दावणीची शेळी त्यांनी न विचारता पिळली, दूध उकळून निववलं, आणि वाटी-चमच्याने पोरीला पाजलं. सीमाची पोर वरच्या दुधावर आधीपासूनच होती, तिला ते चालायचं. पण पाजणारी बाई म्हणून मनकर्णाबाईचं गावातलं नाव त्या दिवशी संपलं.

सीमा दिवस मावळताना आली. वाटेतच तिला सगळं कळलेलं. भिंतीवरून तिने लेक घेतली, रिकाम्या झालेल्या वाटीकडे पाहिलं.

"मोठीमाय, तुमी म्हनल्या असत्या तर म्या नसती ठेवली."

मनकर्णाबाईने वाटी उचलून मोरीत नेली.

तुरी निघाल्यावर सीमाच्या नवऱ्याने भिंतीला लागून पऱ्हाट्यांची, कपाशीच्या वाळक्या काड्यांची रास रचली. भिंतीपेक्षा उंच. सरपण कुठेतरी ठेवावंच लागतं, त्यात काही वावगं नव्हतं.

*

त्यानंतर गावात चार लेकरं जन्मली. एकाही घरून मनकर्णाबाईला न्हाऊ घालायला बोलावणं आलं नाही. पहिल्या खेपेला त्या तेलाची वाटी तयार ठेवून दारात बसल्या होत्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तेव्हा उठल्या आणि ते तेल स्वतःच्याच गुडघ्याला चोळलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सीमाने सगळ्यांना वाण दिलं, त्यांनाही दिलं, आणि म्हणाली, "घ्या मोठीमाय, मी मोजून नाई देत." बाया तोंडात पदर धरून हसल्या.

घरी आल्यावर भावना रडली. "माय, मी सांगते तिले. मायासाठी तुमी काहून आयकून घेता?"

"तुयासाठी कोन आयकते?" मनकर्णाबाई वाणातली बोरं अंगणात पसरत म्हणाल्या. "मी सोतासाठी आयकतो. त्या दिवशी सहानीवर हात कोनाचा होता? चार बाया हसल्यानं जर पोट्टं निभत असन, तर हासू दे."

सहाव्या महिन्यात अंकुरची उष्टावण झाली. त्या आधी तपासणी, पुन्हा थेंब, पुन्हा "नाही". मऊ भाताचं पहिलं बोट त्याच्या तोंडात जाताना मनकर्णाबाई दाराकडे तोंड करून बसल्या. खाऊ लागला ना, एवढंच विचारलं. वर्षाला पुन्हा तपासणी. मग हळूहळू दूध तोडलं. अंकुर चार दिवस रडला, भावनाची छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मनकर्णाबाईने रात्री लेकरू आपल्या कुशीत घेतलं आणि कोंबड्या, बैल, मांजर सगळ्यांचे आवाज काढून दाखवले. मधल्या उन्हाळ्यात अमोल हार्वेस्टरवर गेला नव्हता. गावातलाच ट्रॅक्टर धरला होता. त्याचीही गोळी होती, तीही मनकर्णाबाईच्या समोरच घ्यावी लागे. "आ कर," त्या म्हणत, आणि तीस वर्षांचा लेक आ करी.

आणि वावरात सोले हिरवे झाले.

*

फेब्रुवारीच्या त्या सकाळी तिघं निघाले, अंकुरला घेऊन चौघं. मनकर्णाबाईच्या पिशवीत हरभऱ्याच्या ओल्या पेंढ्या होत्या. मूर्तिजापूरहून अमरावतीपर्यंत एसटीत अंकुर खिडकीशी उभा राहून प्रत्येक बैलाला "हाऽऽ" करत गेला. मनकर्णाबाईने एकदाही बाहेर पाहिलं नाही.

रक्त घेताना तो फार रडला नाही. एक नव्हे, तीन वेगवेगळ्या तपासण्या करून पाहतात, असं मॅडमनी सांगितलं. थांबायचं होतं. बाकड्यावर बसून भावना फरशीचे तुकडे मोजत राहिली, आणि मोजलेलं विसरत राहिली. तिला आठवत होतं ते सगळं अंगाचं होतं: टाके ओढत सहाणेपुढे वाकलेली ती, कपाशीत भिजलेलं पोलकं, दगड झालेली छाती. या अंगातून लेकराला काय काय गेलं असेल. शेजारी सासू पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू कोणी सोले पळवणार होतं.

मॅडमनी आत बोलावलं. कागद समोर ठेवला.

"तिन्ही निगेटिव्ह आहेत. अंकुरला आजार नाही. त्याची फाईल आज बंद."

अमोलने टेबलाची कड धरली. भावनाला हसू आलं की रडू, तिचं तिला कळलं नाही. तिने अंकुरच्या डोक्यावर हनुवटी टेकवली, आणि त्याच्या टाळूचा तेलकट वास ओढून घेतला. मनकर्णाबाई मात्र उभ्याच होत्या.

"मॅडम, पक्कं सांगा. माया त्या चाटनानं काही झालं नाई ना?"

मॅडमना क्षणभर लक्षात आलं नाही. मग त्या उठून टेबलाच्या अलीकडे आल्या. "नाही झालं, आजी. दीड वर्ष तुम्ही तेच घेऊन बसल्या होत्या?"

"मंग काय करू?"

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "सोले हायेत. गोड हायेत. आमच्या खाऱ्या पान्याचा हरभरा लय गोड असते." आणि मग त्या खुर्चीवर बसल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्या खुर्चीवर.

निघताना मॅडमनी भावनाला आठवण दिली, "तुमची गोळी मात्र रोजचीच." भावनाने मान हलवली. रोजचीच. घरी चूल रोजची, पाणी रोजचं, तशी गोळी. तेवढ्यावर लेकरू सुटलं होतं. याहून स्वस्त सौदा तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

*

गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा आशाताई अपेक्षा सायकल हातात धरून उभी होती. भावनाने नुसती मान हलवली, आणि अपेक्षाने डोळे मिटून घेतले, उघडले. मग म्हणाली, "बरं झालं बाई. आज एक तरी चांगलं आयकलं. तुई ती जाव, सीमा. तिसरा महिना लागला तिले, अन् रक्ताले हात लावू देत नाई. म्हनते, आमच्या घरी तसलं काही नाई, मागच्या खेपेले केली ना, आता काय दरसाल करू. तिचा नवराही आता ट्रकवर रायते, महिना-महिना येत नाई. मी किती सांगू?"

भावना झपाझप घराकडे निघाली. अंकुरला अमोलच्या खांद्यावर दिलं. अंगणात आली, पऱ्हाट्यांच्या राशीला वळसा घालून, रस्त्याने फिरून, सीमाच्या दारात गेली. कपाशीतल्या त्या दिवसापासून ती त्या दारात हळदीकुंकवाशिवाय गेली नव्हती.

सीमा तूर निवडत बसली होती. आचल सुपातले दाणे उधळत होती.

"ये," सीमा म्हणाली. पाट मात्र सरकवला नाही.

भावना जमिनीवर बसली. "सीमाबाई, त्या दिवशी कपाशीत मायनं मले बंदी नवती घातली. मीनंच नाई पाजलं. मले एचआयव्ही हाये. माया दुधानं तुया आचलले धोका होता."

सुपावरचा हात थांबला.

"माय खोटं बोलली. तुनं संक्रांतीले जे म्हनलं, मैनाबाई जे म्हनते, थे सगळं तिनं फुकट आयकलं. आज अंकुरची शेवटची तपासनी झाली. त्याले नाई. पोटात होता तवाच रक्त तपासलं, म्हून नाई. नसतं तपासलं तर आज मी इथं काय सांगाले आली असती, मले माईत नाई." तिला दम लागला. "आता तुले गावभर सांगाचं असन तर सांग. पन पयले रक्त तपास. मी येतो सोबत."

सीमा तुरीत बोटं फिरवत राहिली. एक खडा सापडला, तो तिने बाजूला टाकला. मग हळू आवाजात म्हणाली, "एक दिवस सकाळी मोठीमाय न्हाऊ घालाले बोलावनं येईन म्हून वाटीत तेल घेऊन बसली होती. म्या पाह्यलं होतं राशीआडून. मले बरं वाटलं होतं तवा."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण हात तुरीच्या धुळीने भरलेले होते. उठली, आचलला काखेत धरून उचललं, आणि भावनाच्या मांडीवर ठेवलं. वीस महिन्यांची जड पोर. तिने भावनाच्या मंगळसूत्राचे मणी ओढून पाहिले, आणि एक तोंडात घातला.

"परवा कोनती गाडी हाये?" सीमाने विचारलं.

घरी आल्यावर मनकर्णाबाईने सुनेचं तोंड पाहूनच ओळखलं. "सांगतलं तुनं?"

"हो."

"माया नावासाठी?"

"तुमच्या नावासाठी. अन् तिच्या लेकरासाठी."

"मले नवतं पाह्यजे नाव," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "काय म्हनलं तिनं?"

"गाडी इचारली."

मनकर्णाबाई अमोलकडे वळल्या. "आढ्यावरची सहान काढ. धूळ बसली असन. सीमीले दिवस हायेत, सहा महिन्यानंतर लेकराले लागन." आणि बोट उगारून, "सहा महिन्यानंतर. सगळ्याईले सांगजो."

ठरलेल्या सकाळी सहाचा भोंगा वाजायच्या आत भिंतीपलीकडे खडखड सुरू झाली. सीमा पदर खोचून पऱ्हाट्या उचलत होती, भारा भारा करून पलीकडच्या कोपऱ्यात टाकत होती. रास उतरली, मागची भिंत दिसली, खारानं पोपडे धरलेली, कमरेएवढी. सीमाने हात झटकले, झोपेतली आचल उचलली, आणि भिंतीवरून पुढे केली.

"मोठीमाय, धरा हिले. आमाले गाडी गाठाची हाये."

मनकर्णाबाईने दोन्ही हात पुढे केले. हाताला तेल होतं, अंकुरला लावत होत्या. ते त्यांनी घाईने स्वतःच्या लुगड्याला पुसलं, आणि लेकरू घेतलं.